वेल्डिंगला घालताय? आधी तिथलं भंगार बघा

दहावीचा निकाल लागला की माझा फोन सुरू होतो. गावाकडचे, पाहुण्यांतले, कुणाच्यातरी मेव्हण्याचे शेजारी, प्रश्न सगळ्यांचा एकच, दादा पोराला वेल्डिंगला घालायचं म्हणतोय, कुठं घालू? मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत पाइप वेल्डर आहे, बरीच वर्षं झाली, आणि आमच्या शॉपला नवीन पोरं आली की त्यांना हाताखाली घ्यायचं कामपण आता माझ्याच गळ्यात पडलंय, त्यामुळं लोकांना वाटतं याला विचारलं की झालं. फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून यंदा सविस्तर लिहूनच काढतो.

तर पहिली गोष्ट. आयटीआय असू दे, प्रायव्हेट सेंटर असू दे नायतर कुणाचं वर्कशॉप असू दे, बघायला गेलात की ऑफिसात चहा पिऊन माघारी येऊ नका. भिंतीवरचे प्लेसमेंटचे फोटो, कोऱ्या मशीनी, रंगवलेले बूथ, ते बघा हवं तर, पण त्यातनं काय कळत नाही. मशीन कोरी दिसतीय म्हंजे ती चालूच करत नसतील असापण अर्थ होतो. सरळ मागच्या बाजूला जायचं आणि भंगार कुठं टाकता म्हणून विचारायचं.

भंगारात काय बघायचं ते सांगतो. रॉड म्हंजे वेल्डिंगची जळणारी कांडी, तिची थोटकं किती पडलीत आणि केवढी. ३.१५ मिलिमीटर जाडीचा रॉड बहुतेक साडेचारशे मिलिमीटरचा येतो, नीट जाळला तर शेवटी दोन इंचाच्या आसपास थोटूक उरतं. नवीन पोराचा रॉड चिकटतो, ओढून काढताना फ्लक्स, म्हंजे रॉडवरचं कोटिंग, झडतो, मग तो अर्धाच फेकून देतो, म्हणून शिकायच्या जागी लांब थोटकं असणारच, नसतील तर तिथं कुणी शिकत नाहीय. पण लांबच्या जोडीला आखूडपण दिसली पाहिजेत, म्हंजे कुणाचातरी हात बसायला लागलाय. मग प्लेटचे तुकडे बघा. जोडलेली प्लेट मधनं कापून तिच्या पट्ट्या काढल्यात का, त्या पट्ट्या सांध्यावर वाकवल्यात का. त्याला बेंड टेस्ट म्हणतात, वाकवल्यावर सांधा उघडला की पोराला तिथल्या तिथं कळतं आत काय राहिलं होतं ते. आता एकाशेजारी एक सरळ रेघा मारलेल्या प्लेटांचाच ढीग असेल, बाकी काही नाही, तर समजायचं इथं पोरं वर्षभर टेबलावर सपाट रन, म्हंजे वेल्डिंगच्या रेघा, मारत बसतात. आणि भंगारच नाही, सगळं झाडूनपुसून लख्ख, तर राम राम म्हणायचं आणि उठायचं.

हा धंदा रॉड जाळल्याशिवाय येत नाही, एवढंच त्यामागचं कारण. एक रॉड जळायला मिनिट दीड मिनिट. त्याच्यानंतर स्लॅग, म्हंजे सांध्यावर धरलेली फ्लक्सची खपली, फोडा, ब्रश मारा, बघा, नाही जमलं तर ग्राइंडर घ्या, मग मागं नंबर लावून उभा असलेल्याच्या हातात होल्डर, म्हंजे रॉड धरायचा चिमटा, द्या आणि परत तुमची पाळी येईपर्यंत गप्पा मारा. दिवसभर वर्कशॉपात उभं राहिलं तरी प्रत्यक्ष आर्क, म्हंजे रॉडच्या टोकाची विजेची ज्योत, पेटलेला वेळ फार थोडा असतो. सरकारी आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, १२०० तास, त्यातले ८४० प्रॅक्टिकलचे, कागदावर झकास. पण तुकडी २० पोरांची आणि त्या ८४० तासांत तुमच्या पोराच्या हातात पेटता रॉड किती वेळ होता हे कुठल्या मार्कशीटवर येत नाही, ते मागच्या ढिगातच दिसतं.

याचा अर्थ आयटीआयला घालू नका असा काढू नका. उलट मी म्हणेन आधी सरकारी आयटीआयचाच फॉर्म भरा, फी कमी, सर्टिफिकेट देशभर चालतं, आणि वेल्डर ट्रेडला दहावी नापास पोरालापण घेतात. फॉर्म ऑनलाइन असतोय, सगळ्या राज्याचा एकच, गुणांवर नंबर लागतो, त्यामुळं वशिल्याचा फोन मला करू नका. वर्ष संपलं की ॲप्रेंटिसशिप. १९६१ चा कायदा आहे त्याचा, ३० किंवा त्याच्यावर माणसं असलेल्या कंपनीला ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात, स्टायपेंड थोडा मिळतो पण कंपनीचे रॉड, कंपनीची प्लेट, कंपनीची वीज जाळून शिकता येतंय यापेक्षा अजून काय पाहिजे. फक्त तिथंपण विचारून घ्यायचं की होल्डर हातात देणार का वर्षभर ग्राइंडिंगवर आणि मटेरियल उचलायला ठेवणार. दोन्ही प्रकार मी बघितलेत.

सुरुवातीला पोरं कंटाळतात कारण पहिल्याच दिवशी ठिणग्या उडवायला मिळत नाहीत. हॅकसॉनं काप, कानशीनं घास, गुण्या लावून बघ, मार्किंग कर. मग गॅस वेल्डिंग. आता कुठं गॅस वेल्डिंग चालतंय म्हणून पोरं नाक मुरडतात, पण गॅसवर मेटल सावकाश वितळतं, ते डोळ्यानं बघायला वेळ मिळतो, एका हातात टॉर्च दुसऱ्या हातात फिलर, दोन्ही हात वेगवेगळं काम करायला लागतात, आणि ज्याला ते जमलं त्याला पुढं टिग, म्हंजे टंगस्टनच्या टोकावर आर्क पेटवून दुसऱ्या हातानं फिलर द्यायचं वेल्डिंग, सोपं जातंय. शिवाय सिलिंडरची शिस्त तिथंच लागते. काळा ऑक्सिजनचा, मरून रंगाचा ॲसिटिलीनचा, ॲसिटिलीनचे आटे उलटे म्हंजे डावे असतात ते मुद्दाम, चुकून एकाची नळी दुसऱ्याला लागू नये म्हणून. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल ग्रीस अजिबात नाही, घट्ट बसलाय म्हणून तेलाचा थेंब सोडणारा माणूस दिसला तर त्याच्यापासनं लांब पळा, भांडण नंतर करा.

आता खरा विषय, पोझिशन. फोनवर लोक विचारतात आर्क शिकू का मिग, म्हंजे तारेचं, शिकू का टिग शिकू, आणि मी विचारतो कुठल्या पोझिशनपर्यंत शिकवणार आहेत. प्लेट टेबलावर सपाट ठेवून मारलं ते वन-जी. भिंतीसारखी उभी प्लेट आणि सांधा आडवा, ते टू-जी. सांधाच उभा, खालनं वर चढत जायचं, ते थ्री-जी. डोक्यावर छताला, ते फोर-जी. मग पाइप येतो. पाइप आडवा पक्का बांधलेला, फिरवायचा नाही, तुम्ही त्याच्याभोवती फिरायचं, ते फाइव्ह-जी. आणि तोच पाइप ४५ अंशात तिरका बांधला की सिक्स-जी, त्या एका सांध्यात खालची, उभी, आडवी सगळी पोझिशन येते आणि हाताचा कोन दर इंचाला बदलत जातो. एएसएमई या अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेचा सेक्शन नाइन म्हणून कोड आहे, त्याच्यात सिक्स-जी पास झालेला वेल्डर बाकीच्या सगळ्या पोझिशनला चालतो. कंपनीच्या गेटवर तुम्हाला कुठला कोर्स केलास असं फारसं कुणी विचारत नाही, टेस्ट दे म्हणतात. टेस्ट प्लेटवर नायतर पाइपवर असते आणि तिथं सर्टिफिकेट खिशातच राहतं.

थ्री-जीला निम्मी पोरं अडकतात. सपाटात मेटल आपोआप बसतं, उभ्यात ते खाली ओघळतं. करंट थोडा कमी करायचा, आर्क आखूड धरायचा, दोन्ही कडांना क्षणभर थांबायचं आणि मधनं पटकन जायचं. हे वाक्य लिहायला सोपं आहे, हाताला कळायला आठवडेच्या आठवडे जातात. मी पोरांना सांगतो डोळ्यानं आर्ककडं बघू नकोस, आर्कच्या मागं वितळलेलं मेटल आहे तिकडं बघ, त्याच्यावर स्लॅग तरंगत असतो, तो मेटलच्या पुढं यायला लागला की हात थांबलाय नायतर कोन चुकलाय, आणि पुढं आलेला स्लॅग आत अडकला की तो काढायला ग्राइंडर आणि शिव्या दोन्ही लागतात. आवाजपण ऐकायचा असतो. करंट बरोबर असला की फोडणीतली मोहरी तडतडते तसा एकसारखा आवाज येतो, आर्क लांबला की तो फुसफुसतो. आमच्यातले जुने लोक पाठमोरे उभे राहून चहा पीत सांगतात, ए दोन नंबर बूथ, करंट जास्त झालाय.

आणि त्याच्यातपण रूट. जाड प्लेट जोडायची तर दोन्ही कडा ३० अंशात तिरक्या घासायच्या, समोरासमोर ठेवल्या की ६० अंशाचा व्ही होतो, तळाला दीड दोन मिलिमीटरची नाकं ठेवायची आणि दोघांच्या मधी अडीच तीन मिलिमीटरची फट. त्या फटीत जो पहिला रन पडतो तो रूट. रूट चालू असताना रॉडच्या पुढं एक बारीक भोक दिसतं, कीहोल म्हणतात, फटीपेक्षा जरा मोठं. ते भोक सारखं तेवढंच ठेवत पुढं जायचं एवढंच काम. मोठं झालं की मेटल पलीकडं गळून पडतं, बंद झालं की पलीकडं काही पोचलंच नाही, वरनं मात्र सगळं छान दिसतं. त्याच्यावर हॉट पास म्हंजे दुसरा रन, मग व्ही भरायचं फिलिंग, शेवटी सगळ्यात वरचा थर, कॅपिंग. गिऱ्हाईक कॅपिंग बघतं, इन्स्पेक्टर रूट बघतो. मी ज्यांच्या हाताखाली तयार झालो ते मिस्त्री जॉब हातात दिला की आधी उलटा करायचे, वरच्या बाजूकडं बघायचेपण नाहीत. नवीन पोरगं हिरमुसायचं, एवढी देखणी कॅपिंग केलीय अन् हे बघंनात. ते म्हणायचे, "वरनं काय बघायचंय लेका, वरचं ग्राइंडरनंपण गुळगुळीत होतंय. मागनं दाखव." मागं सलग एकसारखी बारीक वरंबी आली असली की जॉब टेबलावर, नसली की हातोड्यानं खूण करून भंगारात. त्यांच्या भंगाराचा ढीग आमच्या कमरेला लागायचा.

रॉडबद्दलपण बोलायला पाहिजे कारण बऱ्याच ठिकाणी पोरांनी वर्षभर एकच रॉड बघितलेला असतो, ६०१३. चांगला रॉड आहे, पटकन पेटतो, स्लॅग सहज निघतो, ग्रील खिडक्यांना तोच. पण बॉयलर, प्रेशरची लाइन, जाड स्ट्रक्चर तिथं ७०१८ लागतो. आकड्यातले पहिले दोन म्हंजे ताकद, सत्तर हजार पौंड दर चौरस इंचाला, पुढचा १ म्हंजे सगळ्या पोझिशनला चालतो आणि शेवटचा ८ म्हंजे कमी हायड्रोजनचं कोटिंग. हा रॉड हवेतली ओल धरतो, ती ओल आर्कमध्ये फुटून हायड्रोजन मेटलमध्ये शिरतो आणि सांधा गार झाल्यावर काही तासांनी, कधीकधी दुसऱ्या दिवशी तडा जातो, तोपर्यंत तुम्ही घरी जाऊन जेवून झोपलेलं असता. म्हणून तो ओव्हनमध्ये भाजून घ्यायचा आणि छोट्या गरम डब्यात ठेवून एकेक काढून वापरायचा. शिकायच्या जागी रॉडचा ओव्हन आहे का, आणि असला तर हात लावून गरम लागतोय का, एवढं बघा. शिराळ्याच्या पावसात उघडं पडलेलं पाकीट आणि जतच्या उन्हात पडलेलं पाकीट यात फरक असतो हे पोराला वर्षभरात कुणी सांगितलं नसेल तर काय शिकवलं म्हणायचं.

आता गावातल्या वर्कशॉपचं. बरेच बाप म्हणतात, आयटीआय बियटीआय कशाला, आपल्या चौकातल्या ग्रीलवाल्याकडं घालतो, हाताला काम लागेल आणि चार पैसेपण मिळतील. मी याच्या विरोधात नाही. तिथं जे शिकायला मिळतं ते आयटीआयत मिळत नाही. दीड मिलिमीटरचा पोकळ पाइप भोक न पाडता जोडणं हे खायचं काम नाही. ट्रॉलीचं चेसिस तिरकं न होता कसं टॅक करायचं, म्हंजे टाके मारून जागेवर धरायचं, कुठली बाजू आधी मारली की दुसरी ओढली जाते, गिऱ्हाइकाला वेळेत कसं द्यायचं. संध्याकाळी शेतातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि मशीनवर १२० अँपिअर दाखवत असलं तरी रॉड १२० सारखा जळत नाही, हे फक्त गावातच कळतं. गळीत हंगाम तोंडावर आला की ऊसाच्या ट्रॉल्यांची रांग, मग तासगावकडं द्राक्षबागेच्या मांडवाचे अँगल, ब्लोअरच्या फ्रेमी, कल्टिव्हेटरचे फण. मधनंच कुणी बिडाचं काहीतरी मोडकं घेऊन येतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० ला औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली तेव्हापासनं आपल्या भागात लोखंडी नांगर आणि ओतीव काम घरोघर पोचलंय, त्यामुळं बिडाला जोड मारायची वेळ इथल्या वर्कशॉपवाल्यावर येतेच येते, आणि बीड साध्या रॉडला ऐकत नाही. निकेलचा रॉड, इंचभर रन, थांब, हलक्या हातानं ठोक, परत इंचभर, शेवटी राखेत घालून सावकाश गार करायचं, घाई केली की शेजारीच नवीन तडा. हे चौकातला जुना माणूस जेवढं चांगलं शिकवतो तेवढं कुठलं पुस्तक शिकवत नाही.

अडचण एवढीच की तिथं धंदा किलोवर चालतो. ग्रील किलोच्या भावानं, गेट किलोच्या भावानं, त्यामुळं वेग पाहिजे, रूट बिट कुणाला बघायचाय, सांधा ग्राइंडरनं घासून वर प्रायमर मारला की झालं. आणि जॉब नेहमी फिरवून सपाट करून घेता येतो त्यामुळं उभं आणि डोक्यावरचं वेल्डिंग हाताखालनं जातच नाही. दोन तीन वर्षं तिथं काढलेलं पोरगं आमच्याकडं टेस्टला येतं, हात भराभर चालतो, आणि थ्री-जीची प्लेट लावली की घाम फुटतो. मग परत पहिल्यापासनं. म्हणून ग्रीलच्या दुकानात घालायचं तर घाला पण मालकाशी आधीच बोलून ठेवा की सुट्टीच्या दिवशी नायतर संध्याकाळी भंगारातल्या पट्ट्या उभ्या लावून मारायला देणार का. चांगला मालक हो म्हणतो. रॉडचे पैसे तुम्ही द्या, त्याच्यावर टाकू नका.

किलोचा भाव जसा गावात तसा पाइपच्या कामाला इंच-डायाचा भाव. सहा इंची पाइपचा एक सांधा म्हंजे सहा इंच-डाया, दिवसात किती इंच-डाया काढले त्याच्यावर ठेकेदार पैसे देतो. आणि सांधा नापास झाला की तो उकरून परत मारायचा तुमच्याच वेळात. इथं माणूस आपोआप रूटकडं लक्ष द्यायला लागतो बघा.

आपल्याकडं शिकायची अजून एक भारी जागा आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, साखर कारखान्याचा ऑफ सीझन. सांगलीचा वसंतदादा, साखराळ्याचा राजारामबापू, कुंडलचा क्रांती, वांगीचा सोनहिरा, वरच्या अंगाला रेठऱ्याचा कृष्णा, कारखान्यांना काय तोटा नाही. गाळप बंद झालं की पुढच्या हंगामापर्यंत सगळा कारखाना उघडून दुरुस्त करतात, ठेकेदारांना माणसं लागतात, हेल्पर म्हणून शिरायला हीच वेळ. एका आवारात जाड स्टीम लाइन, पातळ पत्रे, टाक्या, चेन कन्व्हेयर, स्ट्रक्चर सगळं बघायला मिळतं. बॉयलरच्या ट्यूबला मात्र कुणालापण हात लावू देत नाहीत, तिथं आयबीआर पास वेल्डरच लागतो, बॉयलर खात्याची टेस्ट देऊन सर्टिफिकेट मिळवलेला, कारण हायड्रो टेस्टला प्रेशर चढवल्यावर सांध्यातनं पाण्याचा एक थेंब जरी घामासारखा दिसला तरी काम परत. हेल्परनं अशा माणसाच्या शेजारी उभं राहायचं, त्याचा रॉडचा डबा सांभाळायचा आणि तोंड बंद ठेवून हात बघायचा.

हंगाम चालू असतानापण एक काम असतं, ते पहिल्यांदा बघणारा माणूस घाबरतोच. मिलच्या रोलरचे दात झिजून गुळगुळीत झाले की ऊस घसरायला लागतो, रोलर पकड घेत नाही. त्यासाठी मिल थांबवत नाहीत. रोलर फिरतोय, ऊस चिरडतोय, रस खाली वाहतोय आणि वेल्डर बाजूला उभा राहून फिरत्या दातांवर खास रॉडनं मेटलचे थेंब चिकटवत जातो, खडबडीत करायला. आर्किंग म्हणतात त्याला. ओलसर जागा, गोड चिकट फरशी, हातात होल्डर. हे शिकाऊ पोराचं काम नाही, आणि कुणी ठेकेदार तुमच्या नवीन पोराला तिथं उभं करत असेल तर सरळ नाही म्हणा, रोज बुडला तरी चालेल.

डोळे आणि छातीबद्दल थोडक्यात सांगतो, आयाच जास्त विचारतात. काच दहा ते बारा नंबरची पाहिजे, गॉगल लावून आर्क मारणारा माणूस गुरू करू नका. आर्कची झळ डोळ्याला लगेच कळत नाही, दुपारी बसते आणि रात्री झोपेत डोळ्यात वाळू गेल्यासारखं होऊन माणूस उठतो. मग घरात बटाट्याच्या चकत्या, दूध, काकडी सुरू होतं. गार वाटतं तेवढ्यापुरतं, पण डॉक्टरकडं जाऊन थेंब आणायचे, आणि स्वतः मारत नसलं तरी शेजारच्याच्या आर्ककडं बघत उभं राहायचं नाही, नवीन हेल्परचे डोळे जास्त तिथंच जातात. कपडे सुती, पँट बुटाच्या बाहेर, नायलॉनचा टी-शर्ट अजिबात नाही, ठिणगी पडली की कातडीला चिकटतो. जीआय, म्हंजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप मारायचा असला तर आधी सांध्याजवळचं जस्त घासून काढायचं, नायतर तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप. गूळ खाल्ला की धूर निघून जातो असं सगळ्या शॉपमध्ये सांगतात. गूळ खा की, आपल्याच भागात पिकतोय, पण धूर पंख्यानं निघतो, गुळानं नाही.

मुलींना घालू का असंपण दोघातिघांनी विचारलं यंदा. घाला. पलूस वाळवा पट्ट्यात दूध धंद्यामुळं स्टेनलेसच्या पाइपचं टिगचं काम कायम असतं, आमच्याकडं तासगाव भागातली एक मुलगी त्याच कामावर आहे आणि तिचे सांधे मी पोरांना दाखवायला घेऊन जातो. स्टेनलेसला रूटच्या मागच्या बाजूनंपण आरगॉन सोडावा लागतो, नाही सोडला तर आतनं मेटल काळं खरबरीत होतं, फुलल्यासारखं, आणि दुधाच्या पाइपात असं खरबरीत राहिलं की तिथं दूध अडकून कुजणार, कितीपण धुवा. तिनं सांधा मारला की आत टॉर्च टाकून बघायचं, फिकट सोनेरी झाक असते, बास. हिची अडचण वेल्डिंगची नव्हतीच, तिच्या मापाचे हातमोजे आणि जाकीट मिळत नव्हते आणि सेकंड शिफ्ट संपल्यावर एसटी नसते, या दोन गोष्टी घालायच्या आधी बघून घ्या.

सर्टिफिकेटचं एक लोकांना माहीत नसतं. एएसएमईची टेस्ट पास झालात आणि नंतर सहा महिने त्या प्रकारचं वेल्डिंगच केलं नाही तर ती पात्रता संपते, परत टेस्ट. त्यामुळं पोरगा सिक्स-जी पास होऊन गावाला येऊन बसला आणि फ्रेम करून भिंतीला लावलं तर त्याचा उपयोग शोभेलाच. आणि मोठ्या कामावर सांध्याचा एक्स-रे निघतो, जास्त करून रात्री, सगळा परिसर मोकळा करून. सकाळी फिल्म येते. हवेचे बुडबुडे नायतर स्लॅग राहिला असला तर फिल्मवर काळं दिसतं, आणि टिगचं टंगस्टन तुटून आत राहिलं असलं तर पांढरा ठिपका, कारण टंगस्टन स्टीलपेक्षा भारी. प्रत्येक सांध्यावर वेल्डरचा नंबर पंच केलेला असतो, त्यामुळं कुणाचा कुठला हे लपत नाही.

शेवटचा प्रश्न दुबईचा. तो सगळ्यात आधी विचारतात खरं तर. जाता येतं, आपल्या भागातली भरपूर माणसं सौदी कतार करून आलीत, टेस्ट बहुतेक मुंबईला होते आणि पाइपवाल्याला सिक्स-जीच मागतात. एजंट मात्र १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी असलेलाच बघायचा, ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव तपासता येतं, आणि त्याला सर्व्हिस चार्ज ३० हजार रुपये आणि वर जीएसटी याच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. लाख दीड लाख मागणाऱ्याला नमस्कार करायचा. परवा कवठे महांकाळकडच्या एका काकांनी विचारलं, "वेल्डरला दहावी कशाला लागती वो, आठवीवर घेतात म्हणं." घेतात काका, शिकायला घेतात. पण दहावी पास नसलं की पासपोर्टवर ईसीआर हा शिक्का पडतो आणि आखाताला कामाला जायचं तर दरवेळी सरकारची परवानगी काढत बसावं लागतं. एकच विषय राहिलाय ना पोराचा, मग पुरवणी परीक्षेला तो काढून टाका आणि आयटीआयचा फॉर्मपण लगेच भरा, दोन्ही एकदमच चालतं.